पेशीचे जगणे आणि शरीराचा निरोप



आमच्या नात्यातील एका मावशींच्या स्तनात गाठ निघाली. ती त्यांनी आठ महिने पदराखाली झाकून ठेवली. अखेरीस शस्त्रक्रिया झाली आणि घरी पाठविताना डॉक्टरांनी त्यांना रोज एक लहानशी गोळी, तीही पाच वर्षे, घ्यावयास सांगितली. मावशींचे शिक्षण चौथीपर्यंतचे. परंतु त्यांनी मला विचारलेला प्रश्न पदवीधराला सुचला नसता. त्या म्हणाल्या, "अरे, गाठ तर काढून टाकली. मग ही गोळी कोणाला मारते?" त्या दिवशी मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ निभावली. खरे उत्तर असे की, ती गोळी एक निरोप अडविते. हा निरोप कोण पाठवितो, कोणाला पाठवितो आणि तो अडविला म्हणजे पेशी का मरते, हे समजण्यास जगाला शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांची हकीकत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे. तिच्यात आपल्या मराठी माणसांचाही वाटा आहे, आणि तो आपणांस फारसा ठाऊक नाही.

हकीकतीचा आरंभ गोठ्यात होतो. जॉर्ज बीटसन या स्कॉटिश डॉक्टरने तरुणपणी दुग्धोत्पत्ती या विषयावर प्रबंध लिहिला होता. गाईचे बीजकोश काढले असता ती अधिक काळ दूध देत राहते, असे काही पशुपालक मानीत, ही गोष्ट त्याच्या कानावर आली. दूरच्या एका अवयवाचा हुकूम स्तनावर चालतो, तर स्तनातील कर्करोगावर तो का चालू नये? १८९५ साली, ग्लासगो येथे, जिचा रोग शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उलटला होता अशा तेहतीस वर्षांच्या एका स्त्रीचे बीजकोश त्याने काढले. काही महिन्यांत तिच्या गाठी विरघळल्या आणि ती जवळजवळ चार वर्षे जगली. म्हशींच्या दुधावर ज्या जिल्ह्याचे अर्धे घरखर्च चालतात, तेथील श्रोत्यांना बीटसनची ही विचारसरणी परकी वाटू नये.

यातील नवल असे की, 'हॉर्मोन' हा शब्दच तेव्हा जन्मला नव्हता. तो स्टार्लिंगने १९०५ साली रूढ केला. आपण आता त्याला संप्रेरक म्हणतो. बीटसनने निरोप अडविला, पण निरोप्या कोण हे त्याला ठाऊक नव्हते. शिवाय पुढे हिशेब झाला तेव्हा असे दिसले की, या शस्त्रक्रियेचा गुण सुमारे तिघींत एकीलाच येतो. उरलेल्या दोघींना का येत नाही, हा प्रश्न साठ वर्षे तसाच लोंबकळत पडला.

आता मुंबईस येऊ. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. खानोलकर हे गोमंतकीय समाजातले, लंडनला शिकलेले. त्यांचा पिंड केवळ सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणाऱ्याचा नव्हता. एकाच शहरात राहणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींत कर्करोग निरनिराळ्या अवयवांना का होतो, हे त्यांनी विचारले. मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांहून अधिक, ही गोष्ट याच काळात पुढे आली, आणि १९६३ नंतर सुरू झालेल्या मुंबईच्या कर्करोग नोंदणीनेही ती दाखविली. पारशी स्त्रिया उशिरा लग्न करीत, मुले थोडी होत. इटलीत रामात्सिनीने अठराव्या शतकाच्या आरंभीच जोगिणींत हा रोग अधिक दिसतो असे लिहून ठेवले होते. उलट आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ साली ग्रामीण भागाची नोंदणी सुरू झाली, तेव्हा तेथे स्तनाचा कर्करोग मुंबईच्या मानाने पुष्कळच कमी आढळला आणि गर्भाशयाच्या मुखाचा अधिक. बाळंतपणे, स्तनपान, पाळीची वर्षे या सर्वांचा हिशेब शेवटी एकाच खात्यावर जमा होतो: स्तनातील पेशींवर संप्रेरकांचा निरोप आयुष्यात किती वेळा आणि कसा आला.

खानोलकरांच्या हाताखाली कमल रणदिवे नावाची एक तरुणी काम करू लागली. कमलाबाई पूर्वाश्रमीच्या समर्थ. जन्म पुण्याचा, १९१७ सालचा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. शिक्षण हुजूरपागेत आणि मग फर्ग्युसनमध्ये. गणितज्ञ ज. त्रि. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. स्तनाच्या कर्करोगाला अधिक किंवा कमी बळी पडणाऱ्या उंदरांच्या चार वंशांतील स्तनग्रंथींची तुलना करणारा खानोलकर आणि रणदिवे यांचा निबंध १९४७ साली इंग्लंडातील विकृतिशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. १९४९ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. मग त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी जगविण्याची विद्या गाय यांच्याकडे होती. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या कर्करोगातील पेशी १९५१ साली तेथेच जगविल्या गेल्या, आणि त्या आजही जगाच्या प्रयोगशाळांतून वाढत आहेत. कमलाबाई ती विद्या शिकून परत आल्या. १९५२ साली खानोलकरांच्या नेतृत्वाखाली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, तेथे त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली.

येथे जरा रेंगाळणे भाग आहे. कारण पेशीला भांड्यात जगवू पाहणाऱ्यालाच प्रथम कळते की, पेशीला नुसते अन्न पुरत नाही. साखर, क्षार, जीवनसत्त्वे सर्व दिले तरी ती मरते. तिला रक्तातील आणखी काहीतरी लागते. ते काहीतरी म्हणजे काय?

कमलाबाईंच्या उंदरांत प्रश्न दुहेरी होता. अमेरिकेत बिट्नरने १९३६ साली दाखविले होते की, कर्करोगप्रवण उंदरीची पिल्ले निरोगी वंशाच्या उंदरीच्या दुधावर वाढविली तर त्यांच्यात स्तनाचा कर्करोग कमी होतो. म्हणजे दुधातून काहीतरी येते. तो पुढे विषाणू ठरला. तथापि विषाणू अंगात असूनही, कोवळ्या वयात बीजकोश काढलेल्या माद्यांना हा रोग सहसा होत नाही. विषाणू, वंश आणि संप्रेरक या तिघांचे साटेलोटे कसे जमते, हा कमलाबाईंच्या संशोधनाचा गाभा होता. त्याचा उलगडा जगाने हळूहळू केला. १९८२ साली नुसे आणि व्हार्मस यांनी हा विषाणू पेशीच्या जनुकांत कोठे जाऊन बसतो ते शोधले, आणि पुढे कळले की, त्याच्या शेजारची जी जनुके तो जागी करितो ती वाढीचे निरोप तयार करणारी आहेत. त्यांतील एक तर वृद्धिघटकांच्या घराण्यातीलच निघाले. शिवाय विषाणूच्या स्वतःच्या कळी संप्रेरकांनी दाबल्या जातात. संप्रेरक विषाणूला हलवितो, विषाणू वृद्धिघटकाला हलवितो, आणि पेशी वाढत सुटते. त्याच १९८२ साली कमलाबाईंना पद्मभूषण मिळाले, हा निव्वळ योगायोग. माणसात मात्र असा विषाणू सर्वमान्य ठरलेला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आईच्या दुधाला कोणी भिऊ नये.

मघाच्या प्रश्नाचे उत्तर एका उंदराच्याच गाठीतून आले. रीटा लेव्ही-मोन्टालचिनी या इटालियन विदुषीने पाहिले की, उंदराच्या अर्बुदाचा तुकडा कोंबडीच्या गर्भाजवळ ठेवला की गर्भातील मज्जातंतू त्याच्या दिशेने दाटून फुटतात. हे घडविणारा पदार्थ तिने आणि स्टॅन्ली कोहेनने वेगळा केला. कोहेनला पुढे त्वचेच्या वाढीचा दुसरा घटक सापडला. दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा घटक काढून घेतला तर मज्जापेशींची वाढ तर थांबतेच, पण त्या मरतात. जगण्यासाठीही निरोप लागतो, ही गोष्ट येथून रुजली.

१९७२ साली केर, वायली आणि करी यांनी पेशीच्या अशा शिस्तीच्या मरणाला ग्रीक भाषेतील पानगळीचे नाव दिले. झाडाने आपण होऊन पान सोडावे तशी पेशी आपण होऊन आटोपते. आणि १९९२ साली मार्टिन रॅफ यांनी मांडले की, बहुतेक पेशींचा कल मरणाकडेच असतो. शेजाऱ्यांकडून 'जग' असा निरोप येत राहतो तोवर त्या जगतात. निरोप पेशीच्या अंगावरील ग्राहीला चिकटतो, आत एकामागून एक प्रथिने जागी होतात आणि शेवटी मरणाची यंत्रणा कुलपात ठेवली जाते. त्या कुलपांपैकी एक प्रथिन प्रथम रक्तपेशींच्या एका कर्करोगात सापडले. ते पेशीची वाढ करीत नाही, फक्त तिला मरू देत नाही, असे १९८८ साली दिसले. स्तनाच्या पेशींत हेच कुलूप स्त्रीसंप्रेरकाच्या हुकमाने तयार होते.

आता बीटसनच्या तिघींचे कोडे सुटते. १९५८ च्या सुमारास शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी स्त्रीसंप्रेरकाला पकडणारा ग्राही शोधला. ज्या गाठीतील पेशींत हा ग्राही असतो त्यांनाच संप्रेरकाचा आधार असतो, आणि तो काढला तर त्याच कोसळतात. मावशींची गोळी याच ग्राहीत जाऊन बसते व खऱ्या निरोप्याला जागा उरू देत नाही. ती विलायतेत संततिनियमनासाठी बनविली गेली, त्या कामी नापास झाली, आणि १९७१ साली मँचेस्टरला कर्करोगावर तिची पहिली परीक्षा झाली. ग्राही असलेल्या गाठींच्या बायकांत पाच वर्षे ही गोळी घेतल्याने या रोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीविषयी असेच काम हगिन्सने १९४१ सालीच केले होते. त्याचा विस्तार येथे करीत नाही.

मग काही गाठी गोळीलाही दाद का देत नाहीत? कोल्हापूरकरांना हे सांगणे सोपे आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने येथे देशोदेशीचे पहिलवान आले, १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि तो राजाश्रय गेला. पुष्कळांनी लांग उतरविली. पण काही तालमींनी दुसरे धनी शोधले, साखर कारखाने शोधले, आणि टिकल्या. पेशींचेही असेच. संप्रेरकाचा खुराक तुटला की काही पेशी दुसऱ्या वृद्धिघटकाच्या ग्राहींची संख्या वाढवितात आणि त्याच्या बळावर तीच कुलपे लावून घेतात. अशा एका ग्राहीविरुद्धचे औषध १९९८ साली अमेरिकेत मान्य झाले. परंतु त्याची किंमत इतकी की, आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांना ते अनेक वर्षे केवळ ऐकून माहीत होते. या ठिकाणी विज्ञानाचा दोष नाही. पण इतिहास सांगताना हे गाळणे मला प्रशस्त वाटत नाही.

म्हणून शेवटी परळलाच परत येतो. डॉ. राजेंद्र बडवे लंडनला असताना त्यांनी व सहकाऱ्यांनी १९९१ साली २४९ स्त्रियांच्या नोंदी तपासून दाखविले की, पाळीच्या चक्रातील ज्या दिवसांत एकट्या स्त्रीसंप्रेरकाचा अंमल असतो त्या दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दहा वर्षांनी ५४ टक्के हयात होत्या, इतर दिवसांत झालेल्यांपैकी ८४ टक्के. इतरत्र हे पडताळताना एकमत झाले नाही. बडवे यांनी मात्र टाटा रुग्णालयात १००० स्त्रियांवर रीतसर चाचणी केली: शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचे एक इंजेक्शन, जे जुने आणि स्वस्त आहे. २०११ साली निष्कर्ष आले. सरसकट सर्वांत फरक ठरला नाही. परंतु ज्यांच्या काखेतील गाठींत रोग पोहोचला होता त्यांच्यात पाच वर्षांनी सुमारे ७६ टक्के जिवंत होत्या, इंजेक्शन न मिळालेल्यांत सुमारे ६७ टक्के.

कमलाबाईंच्या केंद्राची वारस संस्था आता खारघरला आहे. तेथील प्रयोगशाळेत भांड्यातील कर्करोगपेशींवर प्रोजेस्टेरॉन घालून पाहिले, तेव्हा त्यांचे पसरणे मंदावले. पण मंदावले ते ज्यांच्यावर प्रोजेस्टेरॉनचे ग्राही आहेत त्यांचेच नव्हे. ज्यांच्यावर ते नाहीत, त्यांचेही.