इंग्रजी अमदानीचे दप्तर आणि घराण्यांच्या सोयरिकी

मंदिराचा जीर्णोद्धार निघाला की गावात जुन्या पिढ्यांची आठवण निघते. वर्गणीच्या वहीत नाव घालताना आजोबा-पणजोबांची नावे भराभर सांगितली जातात; पणजीचे नाव व माहेर मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते. हा हरवलेला धागा शोधण्यास इंग्रजी अमदानीचे दप्तर कसे उपयोगी पडते, हे धानोरा व पंचक्रोशीतील कुटुंबांनी जाणून घेण्यासारखे आहे.

खानदेश 1818 साली इंग्रजांकडे गेला. गोऱ्या साहेबांच्या लग्नाची नोंद पाद्री करीत आणि तिची प्रत लंडनला जाई. रयतेच्या लग्नाला अशी वही नव्हती. पंचांसमक्ष मांडवात लागलेले लग्न हाच पुरावा. 1880 च्या खानदेश गॅझेटिअरात गुजर, कुणबी, भिल्ल, पावरा आदी समाजांच्या चालीरीतींचे वर्णन आहे, पण त्यावरून कोणा एका घराची सोयरीक कळत नाही.

ती कळते जमिनीच्या कागदांतून. 1903 च्या कायद्याने हक्कनोंद सुरू झाली. खातेदार वारला की फेरफाराच्या वहीत वारस लागत. मुलगा लहान असल्यास 'अज्ञान, पालनकर्ती आई' अशा नोंदीत त्या माउलीचे नाव येई. पुष्कळ घराण्यांत पणजीचे नाव कागदावर उतरले आहे ते एवढेच.

कधी काही वर्षांनी आईच्या जागी चुलत्याचे नाव दिसते. आई कोठे गेली? अशा वेळी गावची जन्म-मृत्यूची नोंदवही पाहावी. तेथे मृत्यूची नोंद सापडली तर उलगडा झाला. न सापडल्यास तिने दुसरा पाट लावला असण्याचा संभव असतो. मात्र 1918 च्या तापाच्या साथीसारख्या धामधुमीत नोंद राहूनही गेलेली असू शकते. म्हणून एकाच कागदावर निकाल देऊ नये.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. 1856 च्या कायद्याने विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली. पण त्याच कायद्याने पहिल्या पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क संपे, आणि मुलांना दुसरा पालक नेमून मागण्याची मुभा नातलगांना मिळे. पाटाची चाल पूर्वापार असलेल्या जातींनाही मुंबई हायकोर्टाने मिळकतीचा हा नियम लावला. 'लेकरे टाकून गेली' म्हणून घराने जिला नावे ठेवली, तिच्यापुढे शेत आणि संसार यांतील एकच निवडण्याची वेळ आलेली असू शकते. कागद वाचल्यावर अशा बाईला न्याय देता येतो.

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी झाला. त्यापूर्वी हा मुलूख धुळे जिल्ह्यात, त्याआधी पश्चिम खानदेशात आणि 1906 पूर्वी अखंड खानदेशात होता. म्हणून तलाठी व तहसील कचेरीबरोबर धुळ्याच्या दप्तराचीही चौकशी करावी. जुने कागद बहुधा मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा जाणकार सोबत घ्यावा. धुळ्याला 1927 पासून इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील वंशावळही ताडून पाहावी.

दप्तर जुने होते, कागदाला कसर लागते आणि सांगणारी माणसे एकेक करून जातात. या शुभप्रसंगी प्रत्येक घराने आपल्या आई, आजी व पणजीचे नाव, माहेरचे गाव आणि कुळ एका वहीत लिहून ठेवावे. पुढच्या जीर्णोद्धाराच्या वेळी नातवंडांना ती वही मोलाची वाटेल.