कोळशाचा देश गारठला : ब्रिटन, हिवाळा १९४७



१९४७ म्हटलं की आपल्याला १५ ऑगस्ट आठवतो. आज मी तुम्हाला त्याच वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत नेणार आहे, तेही लंडनला. आपल्यावर राज्य करणाऱ्या देशातली माणसं त्या वेळी घरात ओव्हरकोट घालून, मेणबत्तीच्या उजेडात बसली होती. घर गरम ठेवायला कोळसा नव्हता. आणि गंमत बघा, हा देश उभाच होता कोळशाच्या खाणींवर! मग हे घडलं कसं?

आधी तिथलं घर समजून घेऊ. बहुतेक इंग्रजी घरांत बैठकीच्या खोलीत फायरप्लेस असे, म्हणजे भिंतीत बांधलेली कोळशाची शेगडी आणि वर धुराडं. कोळसेवाला पोती आणून टाकायचा. युद्धापासून कोळसा मोजून मिळत होता, म्हणून लोकांनी विजेचे हीटर घेतले. पण ती वीज तरी कशावर तयार होत होती? कोळशावरच! म्हणजे घरातला कोळसा वाचला आणि वीजकेंद्रातला जास्त जळू लागला.

आता आकडे बघा. १९१३ साली ब्रिटनच्या खाणींतून २८ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला होता. १९४६ साली निघाला सुमारे १९ कोटी टन. यंत्रं जुनी झाली होती, खाणकामगार कमी पडत होते. १ जानेवारी १९४७ रोजी ॲटलींच्या मजूर सरकारनं खाणी राष्ट्रीय मालकीच्या केल्या. खाणींवर झेंडे लागले, लोकांनी आनंद साजरा केला. पण वीजकेंद्रांच्या आवारातले साठे हिवाळा सुरू होतानाच तुटपुंजे होते. इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांना १९४६ मध्ये सहकाऱ्यांनी धोक्याचे इशारे दिले होते. निभावून जाईल, असा त्यांचा भरवसा होता. हिवाळा सौम्य गेला असता, तर कदाचित निभावलंही असतं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बर्फ सुरू झाला. २२ जानेवारी ते १७ मार्च, सलग ५५ दिवस, ब्रिटनमध्ये कुठे ना कुठे रोज बर्फ पडत होता. लंडनजवळ क्यू इथल्या वेधशाळेत २ ते २२ फेब्रुवारी या काळात सूर्यप्रकाशाची नोंदच झाली नाही. खाणींच्या तोंडाशी कोळशाचे ढीग होते, पण रेल्वेच्या वाघिणी बर्फात अडकल्या. ईशान्येकडून लंडनच्या वीजकेंद्रांना कोळसा पुरवणारी जहाजं वादळामुळे बंदरात खोळंबली. फौजी भाषेत सांगायचं तर माल डेपोत होता, आघाडीवर नव्हता. आणि जो माल आघाडीवर नाही, तो नसल्यातच जमा.

७ फेब्रुवारीला शिनवेल यांनी संसदेत घोषणा केली. सोमवार, १० तारखेपासून मोठ्या भागातल्या कारखान्यांची वीज बंद. घरांत सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ वीज वापरायला मनाई. २० लाखांहून अधिक कामगार घरी बसले. टेलिव्हिजन बंद, साप्ताहिकं दोन आठवडे बंद.

या वेळांचा खरा चटका बसला तो घरातल्या बाईला. पोरंबाळं, म्हातारी माणसं सांभाळत दिवसभर थंड घरात तीच असायची. कुटुंबं एका खोलीत राहू लागली. राख चाळून अर्धवट जळलेले निखारे पुन्हा शेगडीत जाऊ लागले. बायका बाबागाडी ढकलत कोकच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि पोरांच्या जागी पोतं ठेवून घरी परतल्या. नळ गोठले, नंतर बर्फ वितळताना फुटले. रस्ते मोकळे करायला सैन्य उतरलं. सोबत पोलिश सैनिक आणि अजून मायदेशी न गेलेले जर्मन युद्धकैदीही फावडी मारत होते.

मी लडाखमध्ये नोकरी केली आहे. तिथं आमचा जीव बुखारीवर असतो. बुखारी म्हणजे पत्र्याची शेगडी, थेंबथेंब रॉकेलवर जळणारी, धुराची नळी छतातून बाहेर. एका रात्री आमच्या पोस्टवरची बुखारी विझली. रॉकेलमध्ये पाण्याचा अंश होता, तो नळीत गोठला होता. सगळ्यांना एका बंकरमध्ये घेतलं, स्लीपिंग बॅगा एकमेकांना चिकटवल्या, पहाटे नळी मोकळी केली. कोळशाची सिगडी आत आणू दिली नाही. बंद खोलीतल्या सिगडीचा विषारी वायू झोपेतच माणूस नेतो. उत्तरेत राहणाऱ्या माझ्या श्रोत्यांनी हे घरीही लक्षात ठेवावं.

पण ती रात्र निभावली, कारण सकाळी जळायला रॉकेल होतं. ते कधी आलं? उन्हाळ्यात. झोजीला बर्फानं बंद होण्याआधी पुढच्या हिवाळ्याचा प्रत्येक लिटर वर पोहोचवावा लागतो. लडाखमध्ये हिवाळ्याची लढाई मे-जूनमध्येच सुरू होते. ब्रिटननं ती लढाई १९४६ च्या उन्हाळ्यात गमावली. फेब्रुवारीत फक्त निकाल लागला.

आता आपल्याशी असलेला संबंध. २० फेब्रुवारी १९४७, वीजबंदी चालूच आहे आणि पंतप्रधान ॲटली संसदेत जाहीर करतात की जून १९४८ पर्यंत भारतातली सत्ता भारतीयांच्या हाती दिली जाईल. दुसऱ्याच दिवशी ब्रिटननं अमेरिकेला कळवलं की ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत करणं आम्हाला यापुढे झेपणार नाही.

म्हणजे कोळशाच्या टंचाईनं आपल्याला स्वातंत्र्य दिलं का? नाही, असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. माउंटबॅटन यांना व्हाइसरॉयपदासाठी डिसेंबरमध्येच विचारलं गेलं होतं. त्यामागे आपली कित्येक दशकांची चळवळ होती, फेब्रुवारी १९४६ मधलं मुंबईचं नौदलाचं बंड होतं. पण साम्राज्याच्या तिजोरीत आणि अंगात किती दम उरला आहे, हे त्या हिवाळ्यानं ब्रिटिश माणसाला त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात दाखवलं. दूरच्या देशांवर हुकूम चालवणारं सरकार लंडनमधल्या म्हातारीची शेगडी पेटती ठेवू शकत नव्हतं.

मार्चमध्ये बर्फ वितळला आणि मोठे पूर आले. ऑक्टोबरमध्ये शिनवेल यांचं इंधन खातं गेलं आणि ह्यू गेट्सकेल आले. इतिहासात शिनवेल यांच्या नावाला तो हिवाळा कायमचा चिकटला. थंडी त्यांनी आणली नव्हती. पण साठा भरण्याचे दिवस त्यांच्याच हातात होते.

देश असो, पलटण असो की घर, हिवाळ्याचा हिशोब उन्हाळ्यातच मांडावा लागतो.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.