सर्पगंधा, रक्तदाबाची गोळी आणि भूल



“ऑपरेशन छोटंच आहे, सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं,” असं आपण किती सहज म्हणतो. बिनटाक्याचं ऑपरेशन, पिशवी साफ करणं, दुर्बिणीनं पोट तपासणं, मोठं गळू फोडणं. काम खरंच छोटं असतं. पण त्यासाठी दिलेली गुंगी किंवा भूल छोटी नसते. आणि आपण रोज घेतो त्या गोळ्यांचा या भुलेशी फार जवळचा संबंध असतो. हा संबंध डॉक्टरांना कसा कळला, त्याची गोष्ट आज ऐकू या. या गोष्टीतलं एक पान आपल्या मुंबईचं आहे.

ऑक्टोबर १८४६ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरात ईथर हुंगवून एका माणसाच्या मानेवरची गाठ काढली. भर सभेत दाखवलेलं ते ऑपरेशन गाजलं आणि भूल देण्याची पद्धत जगभर पसरली. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये जेम्स सिम्पसन या डॉक्टरांनी बाळंतपणाच्या कळा कमी करायला क्लोरोफॉर्म वापरलं. पण जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म हुंगवल्यावर काही मिनिटांत दगावली. ऑपरेशन कसलं होतं? पायाच्या बोटाचं नख काढायचं, एवढंच. काम छोटं असलं तरी भूल जपूनच द्यावी लागते, हे तेव्हाच दिसलं.

त्या काळी बीपीच्या, शुगरच्या गोळ्या घरोघरी नव्हत्या. १९५० नंतर चित्र बदललं. आणि इथे येते सर्पगंधा. या झुडपाची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या झोप न येणाऱ्याला, वेड लागलेल्याला देत आले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन नीट नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये एका इंग्रजी वैद्यकीय मासिकात त्या छापल्या. सगळ्या जगाचं लक्ष सर्पगंधेकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी मुळीतून रिसर्पिन नावाचं औषध वेगळं केलं. लाखो लोक ते रोज घेऊ लागले.

आणि मग ऑपरेशनच्या टेबलावर नवीच अडचण उभी राहिली. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना भूल दिली की त्यांचा रक्तदाब एकदम खाली जायचा. असं का? आपल्या रक्तवाहिन्या गरज पडली की आवळतात आणि दाब सांभाळतात. त्यासाठी नसांच्या टोकाशी एका रसायनाचा साठा असतो. रिसर्पिन तो साठा रिकामा करतं. भूल रक्तवाहिन्या सैल करते. म्हणजे वरची टाकी रिकामी आणि खालचा नळ उघडा, अशी गत.

मग १९५६ च्या सुमारास डॉक्टर सांगू लागले, ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी ही गोळी बंद करा. उपाय सोपा वाटला. पण गोळी बंद केली की कित्येकांचा दाब भडकायचा. पुढे १९७१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी अभ्यास करून दाखवलं, की ज्यांचा रक्तदाब औषधाविना मोकाट असतो त्यांचाच दाब भुलेखाली जास्त वरखाली होतो. मग सल्ला उलटा झाला. रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्या चालू ठेवायच्या, पण भूल देणाऱ्याला त्या ठाऊक हव्यात.

तिसरा धडा १९८० च्या दशकात मिळाला. मिडॅझोलम हे गुंगीचं नवं औषध अमेरिकेत दुर्बिणीच्या तपासण्यांसाठी वापरात आलं. सोबत अफूच्या जातीचं वेदनाशामकही दिलं जाई. दोन्ही मिळून श्वास मंदावला आणि बरेच रुग्ण दगावले. मग मात्रा कमी झाली, औषधावर ठळक इशारा छापला गेला. दोन औषधं एकाच दिशेला ओढू लागली की ओढ वाढते. रोज झोपेची गोळी घेणाऱ्या बाईला गुंगीचं इंजेक्शन दिलं, तर हेच होऊ शकतं.

आता आपल्या घरचं बोलू. झोपेची गोळी, मनाच्या आजाराची गोळी, फिट्सची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, वैदूकडची पुडी, मिश्री, दारू. यातलं बरंच काही आपण चारचौघांत सांगत नाही. सासूबाई शेजारी बसलेल्या असतात, नवरा दारात उभा असतो. अशा वेळी नर्सताईंना म्हणा, “मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय.” तो आपला हक्क आहे.

जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि पुड्या पिशवीत घालून न्या. नाव वाचता येत नसलं तरी पाकीट दाखवता येतं. कोणती गोळी त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कोणती नाही, हे डॉक्टरांनाच विचारा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेतलं तर साखर फार उतरू शकते, म्हणून तेही आधी विचारा. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका आणि शेजारणीच्या सल्ल्यानं तर मुळीच नको. घरी आल्यावर त्या रात्री झोपेची गोळी घ्यायची का, तेही विचारूनच निघा.

पुढच्या बैठकीत बचत गटाच्या वहीसोबत एक काम करा. प्रत्येकीनं आपल्या रोजच्या औषधांची चिठ्ठी लिहायची. जिला लिहिता येत नाही तिला दुसरीनं लिहून द्यायची, पण गटात मोठ्यानं वाचायची नाही. ती आधार कार्डाजवळ ठेवायची. मोठमोठ्या डॉक्टरांना जे शिकायला कित्येक वर्षं लागली, ते आपल्या चिठ्ठीच्या चार ओळींत मावतं.