पिंगळीची बारव आणि राहत्या जागेची रचना

परभणी-पूर्णा लोहमार्गावर पिंगळी नावाचे एक लहानसे स्टेशन आहे. गाव पिंगळेश्वराच्या देवळासाठी आणि तेथील जुन्या बारवेसाठी ओळखले जाते. अलीकडच्या काही वर्षांत मराठवाड्यातील बारवांची छायाचित्रे पुष्कळ फिरली; वास्तुकलेचे आणि आरेखनाचे विद्यार्थी त्या पाहावयास येऊ लागले. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु हे अभ्यागत येथून नेमके काय घेऊन जातात, असा प्रश्न आम्हांला पडतो. बहुधा ते पायऱ्यांची नागमोडी रेषा घेऊन जातात आणि ती पुढे एखाद्या साडीच्या काठावर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, नाहीतर उपाहारगृहाच्या भिंतीवर उमटते. त्यात गैर काही नाही. मात्र बारव बांधणाऱ्याने ती रेषा केवळ नक्षी म्हणून काढलेली नव्हती.

या भागात काळी जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत खोल आणि उभी भिंत बांधली तर ओल्या मातीचा रेटा तिला आत ढकलतो. म्हणून भिंत टप्प्याटप्प्याने आत घ्यावयाची. म्हणजे प्रत्येक टप्प्याला थोड्याच उंचीची माती थोपवावी लागते. दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवावयाचे, म्हणजे सांध्यांतून पाणी झिरपून बारवेत येते आणि भिंतीमागचा दाबही उतरतो. या कोरड्या बांधणीला आपण हेमाद्रीच्या नावाने हेमाडपंती म्हणतो. वस्तुतः ती यादवांच्या या मंत्र्याच्या आधीपासून दख्खनेत रूढ होती. श्रावणात पाणी वरच्या पायऱ्यांना टेकते, वैशाखात तळाशी जाते. म्हणजे पायऱ्यांची उतरंड ही वर्षाची मोजपट्टीही ठरते. घागर भरून वर येणाऱ्या बाईला दम घेण्यासाठी, घागर क्षणभर टेकवण्यासाठी मध्ये सपाट जागा लागते. तशी ती ठेवलेली असते. हे सारे ज्याला ठाऊक होते, त्याने ते कोठल्या ग्रंथात वाचले असो वा नसो, या मातीत काही उन्हाळे काढलेले असणार एवढे निश्चित.

तो कारागीर स्वतःविषयी काही सांगून गेला नाही. राहत्या जागेचे असे ज्ञान शब्दांत पाहावयाचे तर त्याच गोदावरीखोऱ्यातील महानुभावांच्या ‘स्थानपोथी’कडे वळावे लागते. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेला हा ग्रंथ आमच्या अभ्यासक्रमांत आला तर भाषेच्या नमुन्यापुरता येतो. तो वाङ्मय म्हणून वाचावा असे फारसे कोणास वाटत नाही, याचे आम्हांला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. श्रीचक्रधर ज्या ज्या ठिकाणी राहिले त्या जागांची ही नोंद: देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, मठ कोठे, ओटा कोठे, अमुक जागेपासून तमुक जागा कोणत्या बाजूस. अलंकार नाही, वर्णनाचा सोस नाही. आज एखाद्या वास्तुरचनाकाराने जागेची पाहणी करताना जे टिपावे, ते येथे भक्तीने टिपले आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘लीळाचरित्र’ काय किंवा ‘स्थानपोथी’ काय, या नोंदी स्वामींच्या प्रयाणानंतरच्या आहेत. जागा सुटली, तेथे राहणारा गेला, तेव्हा ओट्याची दिशाही मोलाची झाली. जोवर आपण एखाद्या ठिकाणी राहत असतो तोवर ते आपल्याला दिसतच नाही, हे गावातल्या माणसाला वेगळे सांगावयास नको. नळ आले, विंधनविहिरी झाल्या, आणि कितीतरी बारवा गाळाने आणि केरकचऱ्याने भरल्या. त्या भरणारे परके नव्हते, आपणच होतो.

राहणे आणि सुटणे या दोहोंचा मेळ आधुनिक काळात कोठे दिसतो, असे विचारले तर आम्ही बाळकृष्ण दोशी यांचे नाव घेऊ. १९२७ मध्ये पुण्यात जन्मलेले दोशी लाकडी सामान बनवणाऱ्या एकत्र कुटुंबात वाढले. माणसे वाढतील तशी खोल्यांची, मजल्यांची भर पडत जाणारे घर त्यांनी लहानपणी पाहिले, आणि त्याविषयी ते पुढे सांगत राहिले. मुंबईच्या जे. जे.मधून ते युरोपात गेले, पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्याजवळ काही वर्षे काम केले, मग अहमदाबादेस स्थायिक झाले. इंदूरची ‘अरण्य’ वसाहत त्यांनी १९८० च्या दशकात रचली. तेथे गरीब कुटुंबाला पुरे घर दिलेले नाही. जोते, पाण्याची आणि संडासाची सोय, फार तर एखादी खोली, एवढे दिले, आणि पुढचे घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावे अशी योजना केली. पुण्याच्या त्या घरातून त्यांनी जिन्याचा कठडा किंवा खिडकीची जाळी उचलली नाही. घर वाढत जाते ही गोष्ट उचलली. २०१८ मध्ये प्रिट्झ्कर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. २०२३ मध्ये ते वारले.

कोणी म्हणेल, पुण्याचे घर आणि पिंगळीची बारव यांत काय साम्य? आकारात काहीच नाही, आणि आमचे म्हणणे नेमके हेच आहे. आकार पाहुण्यालाही मिळतो. जोते आधी आणि भिंती मागाहून, किंवा पायरी आधी आणि पाणी ऋतूप्रमाणे, ही समज मात्र त्या जागेत वावरलेल्यालाच असते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. परभणीच्या मातीत बी. रघुनाथांसारखा लेखक होऊन गेला. निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात नोकरी करता करता त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. मोजमापांच्या कागदांत दिवस घालवणारा हा माणूस गाव कसे रचतो, या अंगाने ‘आडगावचे चौधरी’ वाचून पाहावी. आणि आपापल्या गावच्या बारवेची एक स्थानपोथी लिहावी. पायऱ्या मोजाव्यात, देवळ्या कोणत्या दिशेस आहेत ते टिपावे, घागर टेकवण्याची जागा शोधावी. मग गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला विचारावे की, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा चैतात पाणी कितव्या पायरीवर असे. ती आधी हसेल. मग बहुधा आकडा सांगणार नाही, हाताने खूण करील: गुडघ्याएवढ्या उंचीची ती पायरी, जिथे पदर खोचावा लागे, तिथवर.