काटा खोटे का बोलतो? मालमोटारीच्या तापमापकाचा इतिहास

१/ मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीतून माल भरून निघालेली जुनी मालमोटार खोपोलीहून बोरघाट चढू लागते. काटा थंडावर, बॉनेटखालून मात्र वाफ! या विसंगतीचे उत्तर एकोणिसाव्या शतकात दडले आहे.

२/ १८४९ साली पॅरिसच्या यूजेन बूर्दाँ यांनी वक्र नळीच्या दाबमापकाचे पेटंट घेतले. दाब वाढला की नळी उलगडते व काटा सरकतो. गाड्यांचे यांत्रिक तापमापक याच तत्त्वावर घडले : इंजिनात द्रव भरलेली कुपी, तेथून डॅशबोर्डपर्यंत केसासारखी बारीक नळी. ती पिचून द्रव गळला, की काटा कायमचा थंडावर.

३/ १८३३ मध्ये फॅरेडे यांना आढळले, की सिल्व्हर सल्फाइड तापल्यावर त्याचा विद्युतरोध घटतो. विजेवरील तापमापकाचा सेन्सर याच गुणधर्मावर चालतो. वायर तुटली तर काटा थंड. वायर सोलून इंजिनाला टेकली तर थेट लाल.

४/ म्हणून मिस्त्री सेन्सरची वायर काढून क्षणभर इंजिनाला टेकवतो. काटा चढला, तर मीटर व वायर शाबूत, दोष सेन्सरात. डिझेलचा काटाही सोबत चुकत असेल, तर दोन्ही मीटरांचा सामाईक वीजपुरवठा तपासावा.

५/ सर्वांत घातक फसवणूक मात्र निर्दोष यंत्राकडून होते. पाणी सेन्सरखाली उतरले, की तो कोरडा पडतो आणि काटा घसरतो. घाटात अचानक उतरलेला काटा हा दिलासा नव्हे, इशारा होय. गाडी थांबवावी, इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये.