फेड : पुसट होण्याची गोष्ट

सलूनच्या खुर्चीत बसून ‘लो फेड की मिड फेड?’ या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या पिढीला ‘फेड’ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. कानापाशी केस जवळपास नाहीत, वर जाताना हळूहळू दाट. ते नेमके कुठे संपले हे बोट ठेवून दाखवता येऊ नये, यातच कारागिराचं कसब. (मराठीतली फेड कर्जाची. ईएमआय भरणाऱ्यांना तीही पाठ असते.)

गंमत म्हणजे हा शब्द मुळात नाहीसं होण्याचा नाहीच. तो चौदाव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि फ्रेंचमध्ये त्याच्या मूळ विशेषणाचा अर्थ आजही बेचव, मिळमिळीत, फिका असाच आहे. म्हणजे आमटी ताटात आहे, फक्त मीठ नाही. इंग्रजीने मग फूल, रंग, आवाज, आठवण सगळ्यांना हे एकच क्रियापद लावलं. आपल्याकडे कापड विटतं, रंग उडतो, शाई पुसट होते, फूल कोमेजतं, आवाज विरतो. मला मराठीची ही श्रीमंती आवडते. पण नवं तंत्र आलं की हाताशी असा एक सुटसुटीत शब्द असणं सोयीचं, हेही खरंच.

फोटोग्राफी १८३९मध्ये जगापुढे आली. कायमची आठवण, असा तिचा बोलबाला. पण काही वर्षांतच कागदावरचे चेहरे पिवळे पडून उडायला लागले आणि ग्राहक चिडले. १८५५मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने चक्क एक ‘फेडिंग कमिटी’ नेमली. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी त्यासाठी ५० पौंड दिले. निष्कर्ष साधा होता. प्रिंट नीट धुतली नाही तर कागदात हायपो, म्हणजे फोटो पक्का करण्याचं रसायन, उरतं आणि तेच पुढे फोटो खातं. दमटपणा त्यात भर घालतो. आदल्याच वर्षी मुंबईतही फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. इथला पावसाळा लक्षात घ्या, म्हणजे हा प्रश्न फक्त लंडनचा नव्हता हे कळेल.

सिनेमाने हीच गोष्ट मुद्दाम करायला घेतली. कॅमेरामन चित्रीकरण चालू असतानाच लेन्सचं छिद्र हळूहळू बंद करायचा आणि दृश्य काळोखात जायचं. प्रेक्षकही लवकरच शिकले की कट म्हणजे पुढचा क्षण, फेड आउट म्हणजे मध्ये काळ गेला. संगीतात होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने ‘द प्लॅनेट्स’च्या शेवटी गाणाऱ्या बायकांना शेजारच्या खोलीत बसवलं आणि मधलं दार सावकाश लावून घ्यायला सांगितलं. पहिला प्रयोग १९१८चा. आवाजाचं बटण फिरवून गाणं संपवण्याची पद्धत पुढची. इथे बटणाचं काम दाराने केलं.

पण सिनेमाला मुद्दाम न केलेला फेडही भोवला. ईस्टमनकलर १९५०मध्ये आलं, स्वस्त आणि सोपं. त्या प्रिंटमधला निळसर हिरवा रंग सगळ्यात आधी जायचा, अगदी अंधाऱ्या कपाटातही. आकाश, गवत, चेहरे, सगळं गुलाबी. १९८०मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीने याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली, कोडॅकवर दबाव आला आणि पुढे टिकाऊ रंगांची फिल्म बाजारात आली. माझ्या मते ही मोहीम शक्य झाली कारण नुकसान डोळ्यांना दिसत होतं.

माझ्या रोजच्या कामात फेड म्हणजे एक ओळ कोड. ओपॅसिटी शून्य केली की स्क्रीनवरचं बटण दिसेनासं होतं, पण पानावर त्याची जागा तशीच राहते. चुकून तिथे बोट लागलं तर ते दाबलंही जातं! म्हणून २००६मध्ये आलेल्या जेक्वेरीचं ‘फेडआउट’ काय करतं, तर साधारण ४०० मिलिसेकंदांत वस्तू पुसट करतं आणि मग तिची जागाही काढून टाकतं. जुना फ्रेंच अर्थ पहिल्या टप्प्यात, आजचा दुसऱ्यात.

आणि आपले फोटो? जेपीजी फाइल विटत नाही. हार्ड डिस्कवर कॉलेजच्या चार वर्षांचं फोल्डर असतं, त्यातले रंग पहिल्या दिवसासारखेच दिसतात. मग एके दिवशी डिस्क सुरूच होत नाही. आजोबांच्या लग्नाचा फोटो मात्र अजून भिंतीवर आहे, कडेने पिवळा. त्यात उजवीकडे उभं कोण आहे यावर घरात वाद घालण्याइतपत चेहरे अजून दिसतात.