कामोठे येथील माध्यमिक शाळा आणि तिचे सार्वजनिकत्व : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाचा इतिहास प्रामुख्याने संस्थापकांच्या व शिक्षणसंस्थांच्या चरित्राच्या अंगाने लिहिला गेला आहे. १८८० मध्ये पुण्यात स्थापन झालेले न्यू इंग्लिश स्कूल, १९१९ मध्ये काले येथे स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था, १९२१ मध्ये मुंबईच्या उपनगरात सुरू झालेले पार्ले टिळक विद्यालय यांचा इतिहास सुपरिचित आहे. शाळा उभी राहण्यासाठी जमीन कोणी दिली, शिक्षकाचे वेतन कोणी दिले आणि मैदान कोणाच्या मालकीचे राहिले, या प्रश्नांकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. शाळेत गणित व भाषा यांच्याबरोबर चित्रकला, वक्तृत्व, कबड्डी किंवा विज्ञान मंडळ यांना स्थान मिळते की नाही, हे बरेचसे या प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते. प्रस्तुत निबंधात नवी मुंबईतील कामोठे या उपनगराच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार केला आहे.

सरकारी, खासगी आणि सार्वजनिक

'सार्वजनिक माध्यमिक शाळा' ही संकल्पना अमेरिकेत व महाराष्ट्रात वेगवेगळ्या वाटांनी घडली. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७४ मधील कॅलामाझू खटल्यात, स्थानिक करांतून हायस्कूल चालविणे वैध असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर तेथील गावांची व उपनगरांची हायस्कुले मुख्यतः मालमत्ता कराच्या बळावर वाढली. ग्रंथालय, वाद्यवृंद, नाट्यगृह व क्रीडांगण यांचा खर्च त्याच सार्वजनिक निधीतून होऊ लागल्यामुळे हे उपक्रम शाळेची नित्याची अंगे बनले. तेथेही श्रीमंत व गरीब उपनगरांतील विषमता राहिलीच. तथापि शाळा ही नागरिकांच्या करातून चालते, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

भारतात १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदान पद्धतीचा पाया घातला. १८८२ च्या हंटर आयोगाने शासनाने माध्यमिक शिक्षणातून क्रमाने बाजूला व्हावे, ते खासगी प्रयत्नांकडे सोपवावे आणि अनुदान द्यावे अशी शिफारस केली. याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी सादर केलेल्या निवेदनाचा रोख निराळा होता. शासनाचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या श्रमातून येतो, परंतु त्यातून दिले जाणारे शिक्षण उच्च वर्गांच्या वाट्याला जाते, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. खर्च कोण सोसतो आणि लाभ कोणाला मिळतो, हा त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न कामोठ्याच्या संदर्भातही तितकाच लागू पडतो.

हंटर आयोगाच्या शिफारशीनंतर महाराष्ट्रात जी माध्यमिक शाळा रुजली ती व्यवस्थापनाने खासगी आणि आशयाने सार्वजनिक होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्यात या शाळेचे सर्वांत स्पष्ट रूप दिसते. गावकऱ्यांनी जागा द्यावी, श्रमदान करावे, विद्यार्थ्यांनी 'कमवा आणि शिका' या मार्गाने शिकावे आणि शासनाने अनुदान द्यावे, अशी ती रचना होती. स्थानिक समितीच्या रूपाने गावालाही शाळेच्या कारभारात स्थान होते. उरण तालुक्यातील जासई येथील रयत शिक्षण संस्थेच्या शैक्षणिक संकुलात आजही 'दहागाव विभाग' हे नाव वापरले जाते. शाळा ही अनेक गावांची मिळून असते, ही जाणीव त्या नावात टिकून आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात वेतन अनुदानाची व्यवस्था स्थिर झाली. १९७७ च्या महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियमाने आणि १९८१ च्या नियमावलीने शिक्षकाच्या सेवेला कायद्याचे संरक्षण मिळाले. या व्यवस्थेचा एक परिणाम फारसा नोंदविला गेलेला नाही. चित्रकला शिक्षक, शारीरिक शिक्षण शिक्षक व काही ठिकाणी संगीत शिक्षक हे मान्य पदावर, शासकीय वेतनावर काम करू लागले. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांना खेड्यातील मुले बसू शकली, तालुका व जिल्हा क्रीडा स्पर्धांत लहान गावांचे संघ उतरू शकले, यामागे हे मान्य पद होते. राष्ट्रीय छात्रसेना, स्काउट-गाइड, वाङ्मय मंडळ, भित्तिपत्रक व वार्षिक स्नेहसंमेलन यांसाठीही शाळेत दीर्घकाळ टिकणारा शिक्षक आवश्यक होता. या उपक्रमांसाठी पालकांना स्वतंत्र मोठे शुल्क द्यावे लागत नसे.

कामोठे : गाव ते उपनगर

पनवेल तालुक्यातील कामोठे हे खाडीलगतचे, भातशेती व मिठागरांच्या परिसरातील गाव. येथील मूळ वस्तीत आगरी समाज मोठा आहे. पनवेल शहराला १८५२ पासून नगरपालिका होती. परिसरातील खेड्यांना मात्र माध्यमिक शिक्षणासाठी विठोबा खंडाप्पा हायस्कूलसारख्या पनवेलच्या शाळांकडे पाहावे लागे. घरात आगरी बोली आणि शाळेत प्रमाण मराठी, असे दुहेरी भाषिक जीवन या भागातील मुले जगत होती. लग्नातील धवले म्हणणाऱ्या धवलारिणींची मौखिक परंपरा आणि गावोगावचे कबड्डीचे संघ हे या समाजाचे सांस्कृतिक व शारीरिक शिक्षणच होते, परंतु अभ्यासक्रमात त्याची नोंद नव्हती.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी मुंबईच्या पूर्वेस नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाच्या कक्षेत आल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये पाच जणांना प्राण गमवावे लागले. या संघर्षातून पुढे साडेबारा टक्के योजना आकारास आली. संपादित जमिनीच्या १२.५ टक्के इतकी विकसित जमीन प्रकल्पग्रस्तांना परत देण्याचे तत्त्व तिने मान्य केले.

या योजनेतील एक तपशील शैक्षणिक इतिहासाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. १२.५ टक्क्यांपैकी ३.७५ टक्के जमीन सामाजिक सुविधांसाठी वजा करून प्रत्यक्षात ८.७५ टक्के जमीन देण्यात आली. एक हेक्टर शेती गेलेल्या कुटुंबाचा हिशेब केल्यास त्याच्या वाट्याच्या १,२५० चौरस मीटरांतून ३७५ चौरस मीटर सुविधांसाठी गेले आणि ८७५ चौरस मीटर हाती आले. शाळा व मैदान या सुविधांतच मोडतात. म्हणजे उपनगराच्या शैक्षणिक सुविधांमागे शेतकऱ्याचे दुहेरी योगदान आहे. प्रथम त्याची शेती गेली आणि नंतर परत मिळणाऱ्या हिश्शातूनही वजावट झाली.

कामोठे वसाहतीची वाढ मोठ्या प्रमाणावर साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर झाली. मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ मध्ये आणि पनवेलपर्यंतची सेवा १९९८ मध्ये सुरू झाल्यानंतर मुंबईत नोकरी करणाऱ्या मध्यम व अल्प उत्पन्न कुटुंबांसाठी हा भाग सोयीचा ठरला. पश्चिम महाराष्ट्र, कोकण, मराठवाडा व परप्रांतांतून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली आणि शाळांची मागणी अल्पावधीत वाढली.

अनुदानाची दारे मिटण्याचा काळ

उपनगर भरू लागले त्याच काळात शासनाचे शैक्षणिक धोरण बदलले. २४ नोव्हेंबर २००१ च्या निर्णयाने नव्या शाळांना 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. २० जुलै २००९ रोजी इंग्रजी माध्यमाच्या शाळा वगळून इतर शाळांच्या बाबतीत 'कायम' हा शब्द काढण्यात आला. तथापि प्रत्यक्ष अनुदानासाठी मूल्यांकनाची अट होती आणि २० टक्के अनुदानाचा टप्पा सुरू होण्यास २०१६ हे वर्ष उजाडले. दरम्यान २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या अधिनियमाने शासनाच्या वेतन अनुदानाविना चालणाऱ्या शाळेला स्वतंत्र कायदेशीर चौकट दिली.

हा कालक्रम योगायोगाचा असला तरी त्याचे परिणाम गंभीर ठरले. पनवेल किंवा वाशी येथील जुन्या शाळांना अनुदानाचा काळ लाभला होता. कामोठ्याची वाढ मुख्यतः अनुदानोत्तर काळातील आहे. येथे आज रयत शिक्षण संस्थेसारख्या जुन्या संस्थेच्या शाळेपासून नव्या न्यासांच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांपर्यंत विविध शाळा आहेत. तथापि नव्या शाळेच्या खर्चाचा भार प्रामुख्याने पालकांच्या शुल्कावर टाकणारी व्यवस्थाच या काळात रूढ झाली.

स्थानिक स्वराज्य संस्थेकडून ही उणीव भरून निघण्यासही मर्यादा आहेत. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली व कामोठे तिच्या क्षेत्रात समाविष्ट झाले. महानगरपालिका अधिनियमानुसार प्राथमिक शिक्षण हे महानगरपालिकेचे अनिवार्य कर्तव्य आहे. त्यापुढील शिक्षण ऐच्छिक कर्तव्यांत मोडते. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क कायद्याचे संरक्षणही ६ ते १४ वर्षे वयोगटापुरते, म्हणजे इयत्ता आठवीपर्यंत आहे. या कायद्याखालील २५ टक्के आरक्षित जागेवर प्रवेश मिळालेल्या मुलाला नववीच्या उंबरठ्यावर शुल्काचा प्रश्न सामोरा येतो. प्राथमिक शाळेला कायद्याचा आधार आहे; माध्यमिक शाळेच्या बाबतीत तो नेमका अपुरा पडतो.

अभ्यास, कला, क्रीडा आणि मंडळे

शुल्कावर चालणाऱ्या शाळेत कोणत्या गोष्टी टिकतात आणि कोणत्या गळतात, याचा एक तर्क आहे. दहावीची परीक्षा राज्य मंडळाची असल्याने तिचा निकाल सर्वांना दिसतो व त्याची तुलना होते. त्यामुळे गणित, विज्ञान व इंग्रजी यांवरील खर्च प्रथम होतो. चित्रकला, संगीत व खेळ यांचे फलित तितक्या सहज मोजता येत नाही. परिणामी हे विषय अंशकालीन शिक्षकाकडे जातात किंवा स्वतंत्र शुल्काच्या वर्गाचे रूप घेतात. अनुदानित शाळाही या प्रवाहापासून दूर राहिल्या नाहीत. २८ ऑगस्ट २०१५ च्या संचमान्यतेच्या निकषांनंतर कला व क्रीडा शिक्षकांच्या पदांचा प्रश्न राज्यभर तीव्र झाला.

या कलाने अभ्यासक्रमविषयक धोरणाशी विसंगती निर्माण झाली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला शालेय शिक्षणाचे अविभाज्य अंग मानले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम व सहअभ्यासक्रम ही विभागणी पुसण्याची भाषा केली. दहावीच्या निकालात क्रीडा व कला यांसाठी वाढीव गुणांची तरतूदही आहे. वाढीव गुण मिळविण्यासाठी मात्र आधी शिकविणारा शिक्षक व खेळण्याचे मैदान लागते. ज्या मुलाला ते शाळेत मिळत नाही, त्याने ते बाजारातून विकत घ्यावे, असा या तरतुदीचा व्यवहारातील अर्थ होतो. संधीची असमानता अशा रीतीने गुणपत्रिकेवर उतरते.

मैदानाचा प्रश्न याहून मूलभूत आहे. भात कापल्यानंतरचे मोकळे शेत हे गावच्या मुलांचे कबड्डीचे मैदान असे. त्यासाठी परवानगी लागत नसे. नियोजित वसाहतीत मैदान हा आखलेला, भाडेपट्ट्याने देता येणारा भूखंड झाला. फाटकाला कुलूप लावण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या इच्छेवर मैदानाचे सार्वजनिकत्व अवलंबून राहते. रायगड जिल्ह्याची ओळख असलेल्या कबड्डीला साहित्य अल्प लागते, परंतु मोकळी जमीन लागतेच.

मंडळांचे स्वरूपही बदलले. हस्तलिखित किंवा भित्तिपत्रक काढण्यास खर्च जवळजवळ नसतो. त्याला लागतो तो वर्षानुवर्षे शाळेत राहणारा, मुलांना नावाने ओळखणारा शिक्षक. २००० पासून आलेली शिक्षणसेवक योजना आणि विनाअनुदानित शाळांतील अस्थिर सेवा यांमुळे हा शिक्षकच दुर्मीळ झाला. स्नेहसंमेलन मात्र टिकले, कारण ते पालकांना दिसते. त्यात आगरी-कोळी गीतांवरील नृत्य हमखास असते. धवल्याची भाषा, तिच्यातील शब्दसंपत्ती व तिचा सामाजिक इतिहास हा वर्गातील अभ्यासाचा विषय व्हावा, ही अपेक्षा अद्याप अपुरीच आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, महाराष्ट्रातील माध्यमिक शाळेचे सार्वजनिकत्व शासकीय मालकीतून आलेले नसून लोकांची जमीन, शासनाचे वेतन अनुदान व गावाचा सहभाग या तीन आधारांवर उभे होते. दोन, कामोठ्यात यांपैकी पहिला आधार पूर्णपणे मिळाला, किंबहुना तो सक्तीने घेतला गेला. दुसरा आधार उपनगर वसत असतानाच मागे घेण्यात आला. आणि भूखंड सिडकोमार्फत संस्थांकडे गेल्याने तिसऱ्याला रचनेत जागाच उरली नाही. तीन, या बदलाची सर्वाधिक झळ कला, क्रीडा व मंडळे यांना बसली, कारण त्यांचे अस्तित्व मान्य पदावरील शिक्षकावर आणि खुल्या मैदानावर अवलंबून होते.

यातून व्यवस्थापनांच्या हेतूंविषयी निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून होणार नाही. अनेक संस्थांनी अनुदानाविना, तुटपुंज्या साधनांवर शाळा उभ्या केल्या, हेही तितकेच खरे आहे. प्रश्न धोरणाचा आहे. शाळेच्या भूखंडासाठी ज्या समाजाने आपल्या हिश्शाची जमीन दिली, त्या समाजातील व त्याच उपनगरात भाड्याने राहणाऱ्या अल्प उत्पन्न कुटुंबांतील मुलांना त्या शाळेच्या वर्गावर, रंगमंचावर आणि मैदानावर कोणता हक्क आहे, याचे उत्तर भाडेपट्ट्याच्या अटींत, महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात आणि कला-क्रीडा शिक्षकांच्या मान्य पदांत शोधावे लागेल. १८८२ मध्ये जोतीरावांनी महसुलाविषयी जो प्रश्न विचारला, तो कामोठ्यात जमिनीविषयी विचारावा लागतो, एवढाच फरक आहे.